एकाचे दोन

सासूबाईंचं डोकं आता पहिल्यासारखं चालत नाही, हे घरात कुणी न बोलताच ठरून गेलं होतं. कप ठेवायला जायच्या तो टेबलाच्या कडेबाहेर. जिना उतरताना पायरीपायरीला घुटमळायच्या. जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, पण हल्ली वर्तमानपत्र उघडलं की लगेच बाजूला. "यात काही राम राहिला नाही," म्हणायच्या. मुलाने स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. ते आईला सांगायचं कसं, या विचाराने तो सांगणं रोज उद्यावर ढकलत होता.

सून पीएचडीनंतरचं संशोधन करत होती. वाचताना माणसाची नजर ओळीवरून कशी उड्या मारत जाते, हा तिचा विषय. एकदा प्रयोगाला येणाऱ्या वयस्कर बाई ऐनवेळी आल्याच नाहीत, म्हणून तिने घरी फोन केला.

"आई, येता का? नुसतं बसायचं आणि बघायचं."

"त्यात तर माझा हात कोण धरणार!" म्हणत सासूबाई हजर.

प्रयोगशाळेत सुनेने त्यांची हनुवटी टेकूवर ठेवली, मान सरळ केली. पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघायचं, कॅमेरा दोन्ही डोळे टिपणार. पण यंत्राचं गणित काही जुळेना. कॅमेरा बिघडला असं वाटून तिने स्वतः बसून पाहिलं, तर सगळं ठीक. पुन्हा सासूबाईंना बसवलं आणि या वेळी नीट पाहिलं. उजवा डोळा ठिपक्यावर होता, डावा त्याच्या बराच वर.

"आई, ठिपके किती दिसतात?"

सासूबाईंनी टेकूवरची हनुवटी उचलली. मग हळूच म्हणाल्या, "दोन."

"कधीपासून?"

"झालं वर्ष. खाली बघितलं की जास्तच. ओळीवर ओळ चढते, पायरीवर पायरी."

"मग बोलला का नाहीत?"

"एकाचे दोन दिसतात म्हटलं असतं, तर म्हातारीला वेड लागलं म्हणाला असतात तुम्ही."

सुनेला हसू आलं आणि रडूही. पण आपण संशोधक, डॉक्टर नव्हे, हे ती विसरली नाही. त्याच आठवड्यात तिने त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी डोळे तपासले, मेंदूचा स्कॅन करून घेतला. स्कॅन निर्दोष निघाला. डोळ्याचा एक स्नायू जन्मापासूनच कमजोर होता. मान जरा कलती ठेवून सासूबाईंनी नकळत आजवर निभावून नेलं होतं, वयाने ते जमेनासं झालं. उपाय काय, तर वेगळ्या भिंगांचा चष्मा!

चष्मा आला त्या दिवशी मुलगा दारातच उभा होता. सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एकच आहेस ना रे? सुटले बाई! एकालाच वाढवताना नाकी नऊ आले होते."

तो हसला, आणि हसता हसता आईच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "तुझा तो संशोधनाचा निबंध आण बघू. छापायला देण्याआधी माझ्या नजरेखालून जाऊ दे."