रिकाम्या डबीची मोजणी

मी एक जुनी डबी आहे. करंगळीएवढी, व्हॅनेडियम नावाच्या धातूची. हसू नका, मित्रांनो! न्यूट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण माझ्या आरपार जातात आणि माझी जवळजवळ दखलच घेत नाहीत. म्हणून तर अणुइंधनाचे नमुने माझ्यात ठेवून तपासतात. आतल्या इंधनाची रचना न्यूट्रॉन सांगतात, मी गप्प राहते. न दिसण्यातच माझी शान!

कागदासारख्या पातळ पत्र्यातून मला वळवताना कारागीर श्वास रोखून बसला होता. मग अकरा वर्षं मी राबले. प्रत्येक नमुन्याआधी तंत्रज्ञकाका मला धुऊन रिकामीच यंत्रात ठेवत आणि मोजत. "आधी डबी, मग डबीतलं," असं त्यांचं ठरलेलं; म्हणजे नमुन्याच्या मोजणीतून माझा वाटा वजा करता येई.

एकदा संशोधक बाई आल्या. अणुभट्टी बिघडून भलतीच तापली तरी टिकेल, असं इंधन त्यांनी सहा वर्षं खपून बनवलं होतं. यंत्र मात्र दोनच दिवस मिळालं होतं.

"काका, रिकामी मोजणी राहू द्या. गेल्या महिन्याची आहे ना?"

"आहे, पण..." काका घुटमळले. "बरं, तुम्ही म्हणाल तसं."

माझ्यात इंधन भरून मोजलं, तर आलेखावर त्या इंधनाचा नसलेला एक परका सुळका उभा राहिला. बाईंचे वरिष्ठ म्हणाले, "इंधनात भेसळ आहे. हे काम बंद करा." बाई डोळे पुसत कागद आवरू लागल्या. खरं काय ते मला ठाऊक होतं, मित्रांनो, पण सांगणार कशी?

"बाई, डबी रिकामी करून मोजून बघू या?" काका म्हणाले.

"आता काय उपयोग, काका? यंत्राचे चारच तास उरलेत."

"मग चार तास रडण्यापेक्षा मोजू या की!"

त्यांनी मला रिकामी मोजलं. सुळका तसाच! गेल्या महिन्याच्या त्या रिकाम्या मोजणीनंतर ठेवलेल्या नमुन्याची पूड माझ्या तळाच्या सांध्यात अडकली होती.

"अगं बये, तू होतीस होय!" बाई हसता हसता रडू लागल्या.

तो सुळका वजा केला, तर इंधन शुद्ध निघालं आणि त्यांचं काम वाचलं. माझ्या सांध्यातली पूड मात्र काही निघेना. आज मी काचेच्या बंद कपाटात आहे, 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण नवे विद्यार्थी आले की बाई काचेतून आधी मलाच दाखवतात.

मित्रांनो, आपली साधनं स्वच्छ ठेवा. आणि कुणाला बाद ठरवण्याआधी आपली डबी एकदा रिकामी मोजा. मला ते बोलता आलं नाही; काकांनी विचारलं, म्हणून कळलं.