तीन वजनगटांची राणी

चष्म्याच्या काचा घासायच्या त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाद पेटला होता. वादाचा विषय होती एक बॉक्सर. तीन वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेती झालेली पहिलीच बाई.

"तीन गट म्हणे!" फ्रेमवाला हातवारे करत होता. "अठ्ठेचाळीस किलोत हिच्याकडून हरलेली ती डावखुरी बॉक्सर पुन्हा आव्हान देणार होती. हिने काढता पाय घेतला, वरच्या गटात गेली. याला काय मोठेपणा म्हणायचा?"

"अरे वा रे शहाण्या!" पॅकिंगच्या मावशींनी डबा बाजूला सारला. "वरच्या गटातल्या बायकांचे ठोसे जास्त जड. पळणारा माणूस जास्त मार खायला पळतो होय?"

सगळे हसले. कोपऱ्यात बसलेली ताई मात्र हसली नाही. मोठ्या चाकावर काच घासण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण बोलायला ती कंजूष.

"ताई, तुम्हीच सांगा," फ्रेमवाला म्हणाला. "मोठी की नाही?"

ताईने पाण्याचा घोट घेतला. "अठ्ठेचाळीसचा विजेतेपदाचा पट्टा ही माझी हौस होती," ती म्हणाली. "मोठी झाली ती पुढच्या दोन गटांत."

"तुमची हौस?"

"धाकटी बहीण आहे ती माझी."



मग ताईने सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आईवडील गेल्यावर एका खोलीत दोघीच. वजनकाटा ताईच्या ताब्यात. एका सफरचंदाच्या चार फोडी, दिवसाला दोन. अठ्ठेचाळीसच्या त्या लढतीच्या आदल्या दिवशी धाकटीने न्हाणीघरात लपून उकडलेलं अंडं खाल्लं. काटा दोनशे ग्रॅम पुढे. ताईने तिला जाड जॅकेट घालून पुन्हा पळायला धाडलं. पोरगी रडत पळाली, वजनात बसली, जिंकली. आठवड्याने म्हणाली, "ताई, मला आता पोटभर जेवायचंय." भांडली नाही, चिडली नाही. दुसऱ्या शहरातल्या प्रशिक्षकाकडे निघून गेली. त्याला सहा वर्षं झाली.

"माझ्या हाताखाली ती उपाशीच जिंकली असती," ताई म्हणाली, "आणि तेवढ्यावरच संपली असती."

 "डावखुरीचं मी आपलं असंच म्हटलं," फ्रेमवाला पुटपुटला.

ताई उठून जिन्यात गेली. वाढदिवसाखेरीज फोन करायची रीत नव्हती, तरी तिने धाकटीला लावला.

"ताई? सगळं ठीक ना?" पलीकडून घाबरा आवाज.

"ठीक. तू जेवलीस का?"

"जेवतेय आत्ता."

"मग जेव. बोलू नकोस. मी नुसती फोन धरून बसते."

 पलीकडे ताटात चमचा वाजला. धाकटी पाणी प्यायली, तिने पुन्हा काहीतरी वाढून घेतलं. ताई भिंतीला टेकून ऐकत राहिली. या पोरीला दुसऱ्यांदा वाढून घेताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली.

"घरी कधी येशील गं?"

"हा सराव संपला की बघते, ताई."

'बघते' म्हणजे काय, ते ताईला चांगलं ठाऊक होतं. तरी संध्याकाळी परतताना ती वाट वाकडी करून बाजारात गेली, आणि बराच वेळ दाबून बघून धाकटीसाठी एक मऊ उशी घेऊन आली.