तीन भोकांचा डवरा

"यात दोन भोकं जास्त आहेत," परीक्षक साहेबांनी टेप गुंडाळत सांगितलं.

वासुदेवरावांना आधी ती थट्टाच वाटली. आर्वीत वेल्डिंगचं दुकान घालून त्यांना बावीस वर्षं झाली होती, पण भोकं जास्त झाली म्हणून तण काढायचा डवरा कुणी परत केला नव्हता.

"साहेब, ते मूठ खाली-वर कराले हायेत. गडी उंच, बाई बुटकी. बोल्ट काढा, खालच्या भोकात घाला, झालं."

"प्रमाणांच्या पुस्तकात एकच भोक आहे."

"पुस्तकातला डवरा माहाच हाये, साहेब."

साहेब जरा ओशाळले. माणूस वाईट नव्हता. "असेल काका. पण परवाना पुस्तकाप्रमाणेच मिळतो. आठ दिवसांनी परत येतो."

डवरा वासुदेवरावांचाच होता, यात काही खोटं नव्हतं. एक्याण्णव साली निंदून निंदून बायकोची, शकुबाईची, कंबर धरली, तेव्हा त्यांनी जुन्या सायकलचं पुढचं चाक, दोन पाइप आणि गवत कापणारी पास जोडून तो केला. ती एकटीच ढकलत जाते हे पाहून गावोगावचे लोहार येऊ लागले. वासुदेवरावांनी सगळी मापं पत्र्यावर रंगवून दुकानाच्या दारावर टांगली. तळेगावचा माणूस सुतळीनं मापं घेऊन जायचा, वर चहा पिऊन जायचा. पुढे शकुबाई म्हणाली, मूठ छातीला येते, खांदे भरतात. मग त्यांनी खाली आणखी दोन भोकं पाडली. पत्रा मात्र नव्यानं रंगवला नाही. डवरा दारातच उभा असे, बघणाऱ्याला दिसतच होतं की!

आणि इथंच घात झाला. प्रमाण ठरवणाऱ्या कमिटीची दोन माणसं आली, ती पत्र्यावरची मापंच उतरवून घेऊन गेली. वासुदेवरावांनी त्यांना भजी खाऊ घातली आणि आनंदानं कागदावर सही दिली. आपला डवरा पुस्तकात छापून येणार म्हणून आठ दिवस त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. आता सरकारी योजनेत प्रमाणाचा मार्क असलेलाच डवरा चालतो, म्हणून दुकानदारही तोच मागतात. मार्क नसेल तर दुकानाला कुलूपच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो असा. त्यांनी ते पुस्तक विकत मागवलं, तर पहिल्याच पानावर छापलेलं: परवानगीशिवाय यातील कशाचीही नक्कल करू नये.

वर्ध्याला कम्प्युटर शिकणारी त्यांची मुलगी अपेक्षा रविवारी घरी आली. तिनं पुस्तक चाळलं.

"बाबा, कम्प्युटरमंदी बी लोक आपलं काम फुकट देतात. पण संगं लिवून देतात. घ्या, बदला, पण पुढं देसान तं असंच खुलं देजा, कोणाले अडवू नका. तुमी काऊन नाई लिवलं?"

"पाणी पाजताना कोणी लिवून घेते काय, बाई?"

वासुदेवरावांना पोरीचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि तो काही गेला नाही.

परीक्षेला त्यांनी शकुबाईचाच डवरा ठेवला होता, कारण त्याहून चांगला दुकानात नव्हता. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी त्याची खालची दोन भोकं वेल्डिंगनं बुजवली आणि घासून सारखी केली. हात सफाईचा, जागा ओळखू येईना. साहेबांनी टेप लावली, मान डोलावली. महिन्याभरात मार्काची पट्टी आली. ती त्यांनी त्याच डवऱ्याला ठोकली.

शकुबाई शेतात न्यायला म्हणून डवरा घ्यायला आली. सवयीनं तिनं बोल्ट काढला आणि खालचं भोक चाचपू लागली. बोट गुळगुळीत लोखंडावरून दोनदा फिरलं. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"तुह्यासाठी दुसरा करून देतो," वासुदेवराव म्हणाले. "बिनमार्काचा. घरचा."

"राहू द्या," ती म्हणाली. "बाकीच्या बायाईले कोन करून देईन?"

तिनं बोल्ट वरच्या भोकात घालून आवळला, कोपरं खांद्याइतकी उचलली आणि डवरा ढकलत रस्त्याला लागली.