महाराजांच्या दुधावरची झाकणी

मी एक जुनी पितळी झाकणी आहे, मित्रांनो. तळहाताएवढी, मधे बोंडाची मूठ नसलेली, अगदी सपाट. धुळ्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि बोदवडजवळच्या आमच्या गावातल्या भिकुबाईंनी मला घरी आणले. माझ्या काठावर त्यांचे नाव कोरलेले आहे. आता ते बोट फिरवल्यावरच लागते.

माझे काम वर्षातून एकच आठवडा. गावच्या देवळात सप्ताह बसला की नरडाण्याकडचे तोताराम महाराज कीर्तनाला येत. त्यांच्या दुधाचा मान आमच्या घराचा. मिरी घातलेले गरम दूध पेल्यात ओतायचे, वर मला ठेवायचे आणि पेला महाराजांच्या उजव्या हाताला नेऊन ठेवायचा. मृदंग सुरू झाला की दुधावर बारीक लाटा उठत, त्या मला खालून जाणवत. अभंगाचे चरण घोळवत महाराज असे काही रंगत की वाफेचे थेंब माझ्या पोटाशी गार होऊन जात. मित्रांनो, एवढे कीर्तन ज्याने ऐकले त्याला आणखी काय हवे असते?

भिकुबाई गेल्यावर तो मान त्यांची सून सुनंदाबाई सांभाळू लागली. तिचा नवरा मोतीलाल कीर्तनात टाळ धरी. त्याचा टाळ कधी चुकत नसे.

नव्वद साल उलटून गेल्यावरची गोष्ट. केळीच्या बागा बघायला म्हणून मोतीलाल आणि त्याचे गावातले दोस्त रुपचंद अन् लोटन स्पेनच्या बेटांवर जाऊन आले. येताना तिघांनी वाईनची एकेक बाटली आणली, तिन्ही स्पेनच्याच वेगवेगळ्या मुलखातल्या. रिओहाची लाल, गॅलिशियाची पांढरी आणि दक्षिणेकडची शेरी. सप्ताहाच्या आदल्याच आठवड्यात एका संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली.

"तिकडे ग्लासावर बशी ठेवतात अन् बशीवर घास," मोतीलाल बायकोला समजावत होता. "माशी बसत नही. तापास म्हणतात त्याले."

सुनंदाबाईने भरीत केले होते, शेंगदाणे भाजले होते, केळ्याचे वेफर तळले होते. पण ग्लासावर बसतील अशा स्टीलच्या ताटल्या घरात दोनच निघाल्या.

"देवघरातली झाकणी दे नं," मोतीलाल म्हणाला.

"ती महाराजांच्या दुधाची हाये."

"एका सांजेपुरती. घासून ठेवशील मंग."

ती उंबऱ्यात थोडा वेळ उभी राहिली. बाहेर पाव्हणे खोळंबले होते. मग तिने मला देवघराच्या फडताळातून काढले आणि त्याच्या हातात दिले.

मला लाल वाईनच्या ग्लासावर ठेवले. माझ्यावर लोटनने ढाब्यावरून आणलेला अंड्या-बटाट्याच्या पोळ्याचा तुकडा. आमच्या चुलीवर अंडे कधी चढलेले नाही.

"कशी लागते भो?" लोटनने विचारले.

"भिजल्या लाकडासारखी," रुपचंद म्हणाला.

"तशीच लागाले पाहिजे. लाकडाच्या पिपात ठेवतात ती."

"मंग आमच्या बैलगाडीचं चाक चाटलं असतं. एवढ्या दूर कशाले गेलो?"

पांढरीबरोबर वेफर बरे लागले, शेरीबरोबर शेंगदाणे फारच छान. लालबरोबर भरीत खाल्ले तेव्हा मिरचीने तिघांच्या जिभा अशा पोळल्या की वाईन कोणत्या मुलखातली ते कुणाला सांगता येईना. हसून हसून मोतीलालच्या डोळ्यांत पाणी आले. ग्लास डुचमळला आणि वाईन माझ्या पोटाला लागली. जिथे दुधाची वाफ बसायची, तिथेच.

आत चुलीपाशी सुनंदाबाई एकटी बसली होती. तिला हसू येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने मला चिंचेने घासले, मग राखेने, मग पुन्हा चिंचेने. मी लख्ख झाले. तरी ती मला नाकाशी नेई आणि खाली ठेवी. मोतीलाल तिच्यासमोरून बागेत जाई, येई. त्याच्या ते ध्यानातही नव्हते. मागितले त्याने, आणि खंत वाहत होती ती.

सप्ताह बसला. पहिल्या संध्याकाळी दूध तापले. तिने मला हातात घेतले, पुन्हा फडताळात ठेवले आणि पेल्यावर आपला तळहात धरून ती देवळात गेली.

पुढचे मी ती आणि मोतीलाल घरी आल्यावर त्यांच्या तोंडून ऐकले. महाराजांनी विचारले, "माय, झाकणी कुढी गेली?"

ती म्हणाली, "घरी हाये. तुमच्या दुधावर ठेवाले माझा हात धजला नही."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. मान आता दुसऱ्या घरी जाणार, अशी कुजबूज बायकांत सुरू झाली. मोतीलाल टाळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. महाराजांनी तिचा लाल झालेला तळहात पाहिला, दूध प्यायले आणि ते कीर्तनाला उभे राहिले. त्या दिवशी मोतीलालचा टाळ तीनदा चुकला.

घरी येऊन तो मोरीवर बसला आणि चिंच घेऊन मला घासू लागला.

"मी घासली हाये ती," सुनंदाबाई म्हणाली.

"तुह्या हातानं घासली. माझ्या हातानं राह्यली होती."

दुसऱ्या दिवशी दूध त्याने नेले. एका हातात पेला, दुसऱ्या हातात मी. सगळ्या गावासमोर त्याने सांगितले, "महाराज, हिच्यावर मी अंडं ठेवलं, खाली दारू. ही नको म्हणत होती."

महाराजांनी मला हातात घेतले, उलटून पाहिले आणि ते बायकांत बसलेल्या सुनंदाबाईकडे आले.

"मान तुमचा हाये, माय. ठेवायची का नही, तुम्ही सांगा."

मोतीलालने पुढे केलेल्या पेल्यावर सुनंदाबाईने आधी आपला तळहात ठेवला. दूध कढत होते. मग तिने तो काढला आणि मला ठेवले. तिच्या हाताची ऊब माझ्यावर कीर्तन संपेपर्यंत होती.

मित्रांनो, घरात एखादी वस्तू कशासाठी आहे ते ठरलेले असते, तेवढे जपा. आणि कुणी 'नको' म्हणत आपल्या हातात काही देत असेल, तर घेण्याआधी त्याच्या तोंडाकडे एकदा पाहा. वर्षे झाली, पण मोतीलाल अजून मला एका हाताने उचलत नाही.