खांदमळणीची हळद

गोठा रिकामा झाल्यानंतरचा भुजंगरावांचा तो पहिलाच पोळा. बैल थकले तसे त्यांचे गुडघेही थकले. मग बैल पाहुण्यांकडं गेले आणि शेत पुतण्यानं ट्रॅक्टरवर करायला घेतलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी चाकूरजवळच्या त्या गावात जो तो आपापल्या बैलांमागं धावत होता आणि भुजंगराव बाजेवर बसून होते. मांडीवर कोको होता.

कोको हा लातूरच्या नातीचा, सृष्टीचा कुत्रा. शित्झू जातीचा. उशीएवढा जीव, पण पांढरेशुभ्र केस पार जमिनीला टेकलेले. डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून डोक्यावर रबर लावून बुचडा बांधलेला. लेक सोमेश बायकोपोरीला घेऊन तिरुपतीला गेला, तेव्हा त्याला इथं सोडून गेला. सून सुकन्यानं जाताना बजावलं होतं, "मामा, रोज विंचरायचं. चुकलं की जटा होतात. डोळे ओल्या कापसानं पुसायचे. आणि न विंचरता अंगाला पाणी लावायचं नाही, गाठी आवळतात."

पहिल्या दिवशी भुजंगरावांना त्याची लाजच वाटली. कुत्रं म्हणजे कसं, परक्यावर धावून जायला पाहिजे. हा मांजर आलं तरी सरकून जागा द्यायचा. दारात कुणीही येवो, आपल्यालाच भेटायला आलंय अशा थाटात पुढं जायचा. पण भुजंगराव उठले की हाही उठायचा. विहिरीपर्यंत मागं, परत येताना मागं. विंचरायला घेतलं की मान वर करून डोळे मिटायचा. रिकाम्या झालेल्या हातांना काम लागलं. पोळ्याला सगळे आले की लेकाला म्हणायचं, 'राहू दे याला दिवाळीपर्यंत,' असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. नुसतं तोंडातून निघायला पाहिजे होतं.

दिवस कलला तशी समोर व्यंकटच्या दारात खांदमळणी सुरू झाली. वर्षभर जू ओढून दुखलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळायचे. तो वास आला आणि भुजंगरावांना बसवेना. घरात एक जनावर असताना त्याचं अंग कोरडं राहावं, हे त्यांना पटेना. ते आत गेले, वाटीत लोणी घेतलं, त्यात हळद कालवली. हळद साधी नव्हती. बायकोच्या, गुणाबाईंच्या, बहिणीनं अर्धापूरहून पाठवलेली, घरच्या शेतातली. मानेपासून शेपटीपर्यंत त्यांनी कोकोला असं चोळलं, की तो सुखानं आडवाच झाला.

गुणाबाई बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"अवो, काय करायलाव?"

"खांदमळणी."

"त्याचा खांदा कुठं दुखायलाय? तुमच्या मांडीवर बसून?"

तेव्हा कुठं भुजंगरावांनी नीट पाहिलं. पांढरा कोको झेंडूसारखा पिवळा झाला होता. उद्या सकाळी पोरं येणार होती. आता दिवाळीचं सोडा, पुन्हा दारात कुत्रं सोडणार नाहीत. गुणाबाई काही बोलायच्या आत त्यांनी त्याला न्हाणीत नेलं आणि हाताला लागला तो कपड्याचा साबण फासला. पिवळा कोको बघता बघता तांबडा झाला.

"हळदीला साबण लागला की कुंकू होतं," गुणाबाई म्हणाल्या. "जन्मात कधी धुणं धुतलं असतं तर कळलं असतं."

वर न विंचरता पाणी लावलेलं. केसांच्या सुतळ्या झाल्या. मग दोघं नवरा-बायको त्याला कोरडं करून मधे घेऊन बसली आणि एकेक गाठ बोटांनी, टोकाकडून सोडवत राहिली. व्यंकट डोकावून म्हणाला, "दादा, हे वासरू कुठल्या बाजारातून आणलाव?" भुजंगरावांनी वरही पाहिलं नाही. गाठी सुटल्या, रंग काही सुटला नाही.

सकाळी गाडी दारात आली. सृष्टी उतरली, कोको धावत सुटला, आणि तिनं त्याला उचलता उचलता खाली ठेवलं.

"मामा," सुकन्या हळूच म्हणाली, "हा कोकोच आहे ना?"

"हाय. खांदमळणी केली मी त्याची. लई हळद झाली."

सोमेश हसू दाबायला गाडीमागं गेला. सृष्टी तर खाली बसून हसायलाच लागली. सुकन्या मात्र डोक्याला हात लावून उभी. "महालक्ष्म्यांना सगळी सोसायटी येणार हो हळदीकुंकवाला. त्यांच्यापुढं हा असा?"

"येऊ द्या की," गुणाबाई म्हणाल्या. "त्यो आधीच लावून बसलाय."

आता सुकन्याही हसली. मग कोकोकडं बघत, जरा अवघडून म्हणाली, "मामा, तुम्हाला त्रास होणार नसेल, तर रंग जाईपर्यंत राहू द्याल का याला इथंच?"

भुजंगरावांनी सावकाश टोपी नीट केली. "राहू द्या. आता काय करता."

सृष्टीचं तोंड एवढंसं झालं. "मग मी दर रविवारी येणार," ती म्हणाली. त्यालाही आजोबांनी नाही म्हटलं नाही.

पुरणपोळीची जेवणं झाली, गाडी लातूरला गेली. गुणाबाईंनी अंगणातल्या उन्हाकडं बोट केलं. "चार दिवस तिथं बसवा त्याला. उन्हानं हळद उडती."

भुजंगरावांनी बाज उचलली आणि लिंबाच्या दाट सावलीत नेऊन टाकली.

"ऊन सोसत न्हाई त्याला," ते म्हणाले. "नाक बसकं हाय, धाप लागती." आणि फणी घेऊन विंचरायला बसले.