दुसऱ्याने लावलेली हजेरी

सुज्ञ वाचकहो, एका क्रेनचालकाची कथा मी आपणापुढे विनयपूर्वक सादर करीत आहे. प्रशिक्षण म्हणजे केवळ हजेरी, असा ज्यांचा समज असेल त्यांनी ती अवश्य वाचावी.

सदर क्रेनचालकास सारे बंदर ‘घार’ म्हणत असे. सव्वीस वर्षे तो उंच केबिनमध्ये बसून जहाजांवरील कंटेनर अलगद उचलीत आला होता. परंतु काळ बदलला. धूर ओकणाऱ्या डिझेल क्रेन जाऊन विजेच्या क्रेन आल्या, आणि त्या चालवायच्या जमिनीवरील खोलीत, पडद्यांसमोर बसून! त्यासाठी सहा आठवड्यांचा वर्ग निघाला. चाचणीत उतरेल त्यालाच नवी खुर्ची, इतरांच्या हाती आवारातील झाडू.

जुन्या चालकांच्या टोळीने त्यावरही तोड काढली. रोज एकाने वर्गात जावे व संगणकावर सर्वांचे हजेरीचे क्रमांक दाबावेत. घार पडला ज्येष्ठ. त्याची पाळी कधी आलीच नाही.

चाचणीच्या सकाळी पत्नीने विचारले, “अहो, सहा आठवडे शिकलात ना? मग काय शिकलात ते सांगा की!”

“सव्वीस वर्षं मी वर बसून माशा मारल्या काय?”

“वरच्या मारल्या असतील. आता खाली बसायचंय. आणि त्याच क्रेनखाली माझा भाऊ उभा असतो, तेवढं ध्यानात ठेवा.”

चाचणी सुरू झाली. प्रशिक्षिका वयाने त्याच्या लेकीएवढी होती. घारीने कंटेनर उचलला, तोच पडद्यावर पिवळा चौकोन लुकलुकला व भोंगा वाजू लागला. जुन्या क्रेनवरील भोंगा वेळीअवेळी बोंबले, म्हणून चालक त्यात चिंध्या कोंबीत. त्याच सवयीने घारीने बटण दाबून भोंगा गप्प केला. पूर्वी कंटेनर झुलला की त्याला कमरेत कळे. येथे खुर्ची निश्चल होती. वाऱ्याने कंटेनर हेलकावला, आणि तो थेट कठड्याला टेकून उभ्या असलेल्या मेव्हण्याच्या दिशेने गेला!

“मागे सरका!” प्रशिक्षिका वायरलेसवर ओरडली व तिने क्रेनचा ताबा घेतला. मेव्हण्याने उडी मारली. कठडा मात्र वाकला.

वायरलेसवर मेव्हण्याचा कापरा आवाज आला, “भाऊजी, ताईशी भांडलात काय? राग माझ्यावर कशाला काढता?”

घारीला हसू आले नाही.

“काका, भोंगा का बंद केलात?” प्रशिक्षिकेने विचारले. “तो वाऱ्याचा वेग मोजून वाजतो. चौथ्याच दिवशी शिकवलं होतं. त्या दिवशी तुमची हजेरी आहे.”

दाराशी उभ्या टोळीतून कुणीतरी कुजबुजले, “घारे, गप्प बस! बोललास तर सगळेच उघडे पडू.”

“पडू दे उघडे!” घार उठून उभा राहिला. “बाई, चौथ्याच काय, कुठल्याच दिवशी मी नव्हतो. माझी सगळी हजेरी खोडा.”

“मग झाडू हाती येईल, काका.”

“येऊ दे. आज काही विपरीत घडलं असतं तर बायकोला काय तोंड दाखवलं असतं मी?”

प्रशिक्षिका म्हणाली, “वारा अंगानं ओळखायचं तुमचं कसब मला या जन्मी जमायचं नाही. पण तेच कसब पडद्यावर कसं वापरायचं, ते तुम्हाला माझ्याकडून शिकावं लागेल. या दोन्ही विद्या असलेली माणसं बंदराला हवीत. नुसती यंत्रं आणून बंदर सुधारत नाही.”

सायंकाळी घरी पत्नीने विचारले, “काय झालं?”

“नापास,” घार म्हणाला. “वाचला तुझा भाऊ. उद्यापासून दिवसा झाडू, संध्याकाळी वर्ग.”

पत्नीने मुलाच्या दप्तरातली एक कोरी वही काढून त्याच्यापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी घार पहिल्या बाकावर बसला. आठवडा संपेतो मागच्या बाकांवर टोळीतील पाच जण येऊन बसले होते, माना खाली घालून का होईना!

तात्पर्य, नागरिकहो, नवे यंत्र आले की शिकण्यास लाजू नका. आपल्या जागी दुसरा हजेरी लावील, परंतु आपल्या चुकीचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर कोसळते!

वेळात वेळ काढून वाचलेत, याबद्दल शतशः आभार.

आपला नम्र,
बंदराच्या वजनकाट्यावरील ‘लेखणीदादा’