सासूबाईंच्या पायाजोगं इंजिन

माझं डोकं जरा लवकर तापतं, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. इंजिनं ट्यून करणं हा माझा धंदा, आणि त्यात कुणी लुडबुड केलेली मला खपत नाही. फक्त सासूबाईंपुढे माझी डाळ शिजत नाही.

सासूबाईंनी जन्मभर पार्सलची व्हॅन चालवली. यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, नजर उतरत चालली आहे, हे वर्ष संपलं की गाडी चालवणं बंद. मग एक दिवस त्या आपली छोटी गाडी घेऊन माझ्या गॅरेजात हजर.

"जावईबापू, घाट चढायच्या शर्यतीत नाव दिलंय मी. शेवटचं एकदा मनसोक्त पळवायचीय. करा काय करायचं ते."

बायको म्हणाली, "आईला वेड लागलंय, आणि आता तू त्यात तेल ओत!"

मी ओतलंच. गाडी म्हणाल तर भाजी आणायची. पण इंजिन! लहानसं, टर्बोवालं, पेट्रोल थेट सिलिंडरच्या पोटात फवारणारं. इतकी वर्षं हेच करतोय, तरी अजून मी तोंडात बोट घालतो. वाया जाणाऱ्या धुराच्याच जोरावर टर्बोचं चाक फिरतं आणि आत हवा कोंबतं. त्या तापलेल्या हवेत पेट्रोलचा फवारा उडतो आणि वाफ होता होता तिला गार करतो, म्हणून आणखी हवा कोंबता येते. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे! हात जोडावेसे वाटतात. कंपनी त्यातली बरीच ताकद हातची राखून ठेवते. लॅपटॉप जोडून ती मोकळी करायची, हे माझं काम.

मी ती मोकळी केली. गाडी ताकद मोजायच्या रोलरवर चढवली, अगदी मंद चालीपासूनच टर्बोचा दाब वाढवला, आणि पडद्यावर ताकदीची रेघ अशी सरळ वर गेली की मी एकट्यानंच टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चालवायला आणि मी शेजारी. चढ लागला. बाईंनी पटापट वरचे गिअर टाकले, इंजिन पार मंद केलं आणि मग पाय दाबला. पेट्रोल वाचवायची व्हॅनवाल्यांची जन्माची खोड! आतून ‘ठाण्’ असा आवाज आला. मंद चालीवर एवढा दाब पडला की या इंजिनात ठिणगीची वाट न बघताच पेट्रोल पेटतं. असा एक दणका पिस्टन फोडायला पुरतो.

"पाय काढा! अहो आई, पाय काढा! असं चालवतात का कुणी?" मी खेकसलो.

त्यांनी गाडी शांतपणे कडेला घेतली. "मी अशीच चालवते. तुम्ही ही बनवलीत कुणासाठी?"

बनवली होती मी, पण माझ्या पायासाठी.

गॅरेजात येऊन प्लग काढले आणि बारीक कॅमेरा आत सोडला. शर्यत तोंडावर आलेली, दुसरं इंजिन कुठून आणणार? सासूबाई माझ्या मागे उभ्या राहून डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होत्या.

"फुटलंय का हो?" त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

एकेक पिस्टन नीट बघितला. सगळे धडधाकट! त्या दणक्यानंतरही एक चरा नाही. त्या धातूचा मुका घ्यावासा वाटला मला.

मग पुन्हा लॅपटॉप उघडला. मंद चालीवरचा सगळा जादा दाब काढून टाकला आणि वेग वाढेल तसा तो हळूहळू चढवत नेला. एकूण ताकद घटली, घटू दे. आता बाईंनी कुठल्याही गिअरमध्ये पाय दाबला तरी इंजिन रागावणार नव्हतं. "तेवढा गिअर मात्र जरा उशिरा बदला," मी म्हटलं. "बघते," त्या म्हणाल्या.

शर्यतीच्या दिवशी मी घाटमाथ्यावर उभा होतो. आधी खालून नुसता आवाज आला, भरलेला, गोल, एका लयीत चढणारा. गिअर उशिरा बदलत होत्या! मग वळणावरून ती भाजीची गाडी सुसाट वर आली, आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा इंजिनात एवढा जीव, आणि त्या बाईतही! नंबर कितवा आला ते मला आजही ठाऊक नाही.

मी धावत खिडकीशी गेलो. "आई, लगेच बंद करू नका. टर्बो लालबुंद झालाय, तो निवेपर्यंत इंजिन चालू राहू द्या."

त्यांनी मान हलवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोरच्या रस्त्यावर. इंजिन हळू आवाजात चालू होतं. आजूबाजूची माणसं पांगली. इंजिन गार करणारा पंखासुद्धा थांबला.

"झालं का गार?" त्यांनी विचारलं. हात किल्लीवर होता, पण फिरत नव्हता. गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

मी आत वाकून तापमानाच्या काट्याकडे बघितलं. इंजिन केव्हाच निवलं होतं.

"छे हो आई," मी म्हटलं, "अजून चांगलंच तापलंय. राहू द्या चालू."